दाजीबाच्या जाडीची खाच

आमच्या घरी लग्नपत्रिका आली की सगळे माझ्याकडे बघतात. मी ती वाचत नाही. अंगठा आणि तर्जनीत धरतो, जरा चोळतो, कोपरा वाकवून बघतो आणि म्हणतो, "मऊ आहे." बायको म्हणते, "अहो, लग्न कुणाचं आहे ते तरी बघा!" मग मी चष्मा शोधायला उठतो. परवा खुद्द मेहुणे पत्रिका घेऊन आले. पाटावर बसले, पाणी प्याले, आणि मी पत्रिका चाचपून म्हणालो, "वा, कडक आहे. दाबली तरी दबायची नाही." मेहुण्यांना वाटलं, मी त्यांच्या लेकीबद्दल बोलतोय. ते म्हणाले, "आईवर गेलीय." मी पत्रिका खाली ठेवली. त्यांच्या घरच्या गोष्टीत आपण कशाला पडा.

ही खोड मला सेलूत लागली. तिथं एका लाकडाच्या वखारीच्या मागं पत्र्याची शेड होती आणि त्या शेडमधल्या स्पिंडल मशीनवर मी उभ्या उभ्या तारुण्य घालवलं. आम्ही मूळचे झरीचे. वडिलांची एकच इच्छा होती, की किसननं शिकावं आणि टेबलाशी बसावं. आमच्या पिढीतल्या पुष्कळ पोरांच्या बापांची तीच इच्छा होती, आणि पोरं शिकून मास्तर झाली, कारकून झाली. मला पण टेबल मिळालं. ते लोखंडाचं होतं, त्याला मधोमध भोक होतं, आणि त्याच्याशी बसायची सोय नव्हती. वडील एकदा बघायला आले. टेबलाभोवती एक चक्कर मारली आणि एवढंच म्हणाले, "मजबूत हाय."

आता हे मशीन म्हणजे काय, ते ज्यांनी बघितलं नाही त्यांच्यासाठी सांगतो. टेबलाच्या भोकातून एक जाड दांडा वर आलेला असतो. खाली मोटर आणि पट्टा. दांडा भोवऱ्यासारखा उभा फिरतो, इतका जोरात की तो फिरतोय हे डोळ्याला कळत नाही, कानाला कळतं. दांड्यावर कटर चढवायचा, शेजारच्या आडपट्टीला लाकूड टेकवायचं आणि कटरच्या तोंडाशी हळूहळू सरकवत न्यायचं. दुसऱ्या टोकानं ते बाहेर येतं तेव्हा त्याला खाच पडलेली असते. दाराची फळी जिच्यात बसते ती खाच, काच जिच्यात सरकते ती खाच. सुतार पटाशीनं दिवसभर कोरील ते काम मशीन चहा निवायच्या आत करतं. मात्र हात चुकला तर बोटाचंही तेवढ्याच वेळात करतं.

मला हे काम शिकवलं उस्मान मिस्त्रींनी. मिस्त्री हैद्राबादला तालीम घेतलेले, दाढी मेंदीनं रंगवलेली, आणि त्यांचा एकच धडा होता. गिऱ्हाईक दारात आलं की मी लगेच कटरच्या फळीकडं हात करायचो. मिस्त्री ओरडायचे, "नक्को! घर बाद में बनाना किसन, पहले किराएदार कौन है वो पूछ!"

किराएदार म्हणजे खाचेत राहायला येणारा. तो जाड आहे की बारीक? एकदा बसला की हलणार नाही, की रोज इकडून तिकडं सरकणार? पावसाळ्यात फुगणारा आहे का? त्याचं बूड सपाट आहे की गोल? हे सगळं विचारल्याशिवाय कटर निवडायचा नाही. आमच्या धंद्याची गंमत बघा, गिऱ्हाईक लाकूड घेऊन यायचं आणि आम्ही त्यातलं जे काढून टाकायचो त्याचे पैसे घ्यायचो.

किराएदाराकडं दुर्लक्ष केल्यावर काय होतं ते धान्याच्या मोंढ्याजवळच्या एका कापडदुकानदारानं दाखवून दिलं. त्याला सरकत्या काचेचं कपाट हवं होतं, तेव्हा ती नवी टूम होती. अशा कपाटाची वरची खाच खोल आणि खालची उथळ ठेवतात, कारण काच आधी वर घुसवायची, मग खाली सोडायची. दुकानदार फूटपट्टी घेऊन आला. "वरची डबल खोल? कामून? माझं लाकूड फुकटचं हाय का?" मिस्त्रींनी समजावलं. तो हटला नाही. मिस्त्री म्हणाले, "हौ, दोनों एकसारखी काट देव." कपाट झालं, दुकानात गेलं, आणि काच काही केल्या आत जाईना. काच वर लावली की खालून अडायची, खाली लावली की वरून. शेवटी त्यानं ते बिनकाचेचंच ठेवलं. कोणी विचारलं की सांगायचा, "कापडाला हवा खेळती पायजे."

कटर आमच्याकडं तीन जातीचे होते. पहिली जात म्हणजे दोन कॉलरच्या, म्हणजे लोखंडी कड्यांच्या, मधे चिमटलेली दोन पाती. स्वस्त, आणि घासून हवा तो आकार देता यायचा. पण दोन्ही पाती जाडीनं अगदी सारखी पाहिजेत. एक केसभर पातळ असलं तर ते नीट चिमटलं जात नाही आणि मोटर चालू केली की आपल्या मर्जीनं प्रवासाला निघतं. असं एक पातं मी येण्याआधीच शेडच्या खांबात जाऊन रुतलेलं होतं, माणसाच्या छातीच्या उंचीवर. ते कोणी काढलं नाही. मिस्त्री त्यावर आपला डबा अडकवायचे. मी कधी त्या कॉलरकडं बघितलं की ते नुसतं डब्याकडं बोट दाखवायचे.

दुसरी जात म्हणजे एक गोल पातं, जे दांड्यावर मुद्दाम तिरकं बसवायचं. तिरकं असल्यामुळं ते फिरताना डुलतं आणि आपल्या जाडीपेक्षा रुंद खाच पाडतं. तिरकेपणा वाढवला की खाच रुंद होते. मिस्त्री त्याला 'शराबी' म्हणायचे. शराबी फार सोयीचा, दाराच्या कामाला आम्ही तोच वापरायचो. त्याचा दोष एकच, खाचेचं बूड सपाट येत नाही, होडीच्या बुडासारखं मधे खोल येतं. दाराच्या फळीला त्याचं काही वाटत नाही.

तिसरी जात म्हणजे जोडकटर. दोन कटर, त्यांचे दात एकमेकांत गुंतलेले. बूड एकदम सपाट, भिंती गुळगुळीत. मिटवून लावला तर दोन सुताची खाच. सूत म्हणजे आमचं सुतारी माप, इंचाचा आठवा भाग. त्याहून जास्त हवी तर दोन्ही कटरच्या मधे पातळ चकत्या घालायच्या. चकत्यांचा डबा वखारीच्या सेठनी कटरबरोबरच आणला होता. तो डबा पुढं कुठं गेला, ह्यावर माझं आणि मिस्त्रींचं आजवर एकमत झालेलं नाही.

तर अशा स्थितीत एका चैत्रात मसाजी आणि धुरपताबाई आमच्या शेडमध्ये आले.

दोघंही वयस्क. पालमच्या पुढचं गाव, मेंढरांचं घर. मसाजी स्वतःच्या मागावर घोंगडी विणायचे. त्यांच्या खांद्यावर बाभळीचे तीन सरळ तुकडे होते, आणि धुरपताबाईंच्या कडेवर, लेकरू धरावं तशी, फडक्यात गुंडाळलेली एक लांब वस्तू होती.

"मिस्त्री," मसाजी मला म्हणाले, "बोकड मागात पडलं."

हे मला कधी कोणी सांगितलं नव्हतं. मी विचारलं, "लागलं का?"

"त्येला काय व्हतंय! माग मोडला."

मग हळूहळू सगळं कळलं. मसाजींचा माग खड्ड्यातला, म्हणजे विणणारा खड्ड्यात पाय सोडून बसतो. त्यांच्या चुलतभावाचं, दाजीबाचं बोकड उधळलं ते थेट खड्ड्यात. ताणा, म्हणजे मागावर ताणलेली उभी लोकर, वाचला, फणीही वाचली, पण फणीला वरून आणि खालून धरणाऱ्या दोन लाकडी पट्ट्या मोडल्या. दाजीबाला जाब विचारला तर तो म्हणाला, "माग खड्ड्यात कामून ठिवला? वर ठिवायचा."

"अन् वर त्येच्या बोकडाचा पाय लंगडतोय म्हनून आमालाच बोलायलाय," धुरपताबाई म्हणाल्या. "पंगतीत पयलं पान मिळालं न्हाई की मांडव सोडून जानारा मानूस त्यो. लाज कुठली?"

"आगं, भाऊ हाय माजा," मसाजी म्हणाले.

"तुमचा हाय. माजा कोन लागतोय?"

गावचा सुतार लग्नसराईचे पलंग करण्यात बुडालेला; आखाजीनंतर, म्हणजे अक्षय्य तृतीयेनंतर, या म्हणाला. आणि मसाजींच्या धाकट्या लेकीचं, रखमाचं लग्न आखाजीच्या आत होतं. थोरल्या दोघी लेकी बापानं विणलेल्या घोंगड्यावर बसून सासरी गेल्या होत्या. रखमानं स्वतःच्या घोंगड्याची लोकर स्वतः कातून ठेवली होती.

मी आपला शहाणा. म्हणालो, "मामा, पालमच्या बाजारात घोंगडी मिळतात की."

मसाजींनी बायकोकडं बघितलं. धुरपताबाई बोलल्या. "पोरगी म्हनायलीय, थोरल्यांना बापाच्या हातचं आन् मला बाजारातलं? मी काय मागून आनलेली हाय का? ह्येचं उत्तर सांगा, मिस्त्री, म्हंजी मी घरी जाऊन तिला सांगते."

मी म्हणालो, "फणी दाखवा."

फडकं सोडलं. फणी म्हणजे लांबलचक कंगवाच, मसाजींच्या बापाच्या वेळची, वापरून वापरून काळी तुकतुकीत झालेली. तिची कड खाचेत बसवायची. मिस्त्रींनी कॅलिपर लावला, एका टोकाला, मधे, दुसऱ्या टोकाला. "दोन सूत," ते म्हणाले, आणि जरा थांबून, "और ऊपर एक बाल."

हा एक बाल, म्हणजे केसभर जाडी, पुढं आम्हाला महागात पडणार होता.

मशीनवर शराबी आधीपासून चढवलेला होता. मी म्हटलं, तिसरा तुकडा जास्तीचा आहे, त्यावर करून बघू. बाभूळ ती बाभूळ; करवादली, धूर निघाला, शेडभर जळका वास सुटला, पण खाच पडली. मी ऐटीत फुंकर मारून तुकडा धुरपताबाईंच्या हातात दिला. त्यांनी फणी खाचेत बसवली आणि वरून दोन बोटांनी हलवली. फणी ह्या कुशीवरून त्या कुशीवर होऊ लागली.

"ही तर झोका खेळायलीय," त्या म्हणाल्या.

होडीचं बूड! फणीची कड सपाट, मधे तिला खाली आधार नाही. दाराच्या फळीला चाललं असतं, पण फणी म्हणजे दर आडव्या धाग्यावर, दिवसातून हजार वेळा आपटायची वस्तू. किराएदार न बघता घर बांधलं होतं. मिस्त्री नुसते दाढी कुरवाळत राहिले, हे ओरडण्यापेक्षा वाईट.

"मग त्या कॉलरमधली पाती लावू?" मी म्हणालो. मिस्त्रींनी खांबावरच्या डब्याकडं बोट दाखवलं.

राहिला जोडकटर. पण तो दोन सुताचा, आणि फणी दोन सूत एक बाल. आता उरलेले दोन तुकडे म्हणजे वरची पट्टी आणि खालची पट्टी. ते मसाजींच्या जुन्या गाडीच्या दांडीतून काढलेले, वर्षानुवर्षं वाळलेले; दुसरे मागायला जागा नव्हती. ओली बाभूळ लावली तर पाऊस पडायच्या आत पिळवटणार.

आम्ही चकत्या कापायला बसलो. वर्तमानपत्राची चकती घातली, वखारीतल्या फुटक्या फळीवर खाच पाडली. फणी आत जाईना. तीन चकत्या घातल्या तर नट आवळल्यावर कागद दबून पुन्हा तेवढंच. पोस्टकार्ड घातलं. खाच ढिली, फणी आत डगडग करायला लागली. विडीच्या बंडलाचा कागद झाला, माझ्या डब्यात बायकोनं भाकरीखाली घातलेलं कॅलेंडरचं पान झालं. (त्यावरून घरी जे झालं ते वेगळं.) दर वेळी कटर उतरवायचा, पुसायचा, चकती बदलायची, चढवायचा, आवळायचा. सेठ दोनदा येऊन बघून गेले. दाराचं काम खोळंबलेलं.

मसाजी खाली मान घालून बसले होते. मग त्यांना वाटलं असावं, की काम होवो न होवो, माणसं चांगली आहेत. त्यांनी पागोट्याच्या आतून एक घडी न केलेली लग्नपत्रिका काढली. "एवढ्या खटपटी करायलाव आमच्यासाटी. तुमी दोघं लग्नाला या. नवऱ्या पोराचा काका हितंच कापसाच्या जिनिंगात हाय, त्यानं छापून घेतल्यात."

मी पत्रिका घेतली. नमस्कार केला. मिस्त्रींनी ती माझ्या हातातून घेतली, आणि पहिल्यांदा मी तो प्रकार बघितला, जो आता मी करतो. अंगठा आणि तर्जनी. जरा चोळली. कोपरा वाकवला. डोळे मिटले.

"किसन," ते हळूच म्हणाले, "एक बाल."

कॅलिपर लावला. बरोबर.

मसाजींच्या लक्षात आलं तसे ते उठून उभे राहिले. "आरं न्हाई! लग्नाची पत्रिका कातरायची? वर गणपती हाय, पोरीचं नाव हाय. अपशकुन व्हतो."

आणि माणूस चुकीचं बोलत नव्हता. मी पत्रिका परत त्यांच्यापुढं धरली. ज्या लेकीसाठी त्यांना फणी बसवून हवी होती, तिच्याचसाठी पत्रिका कापायला नको होती. शेडमध्ये मोटर बंद होती, त्यामुळं कोणालाच बोलण्यातून सुटका नव्हती.

"त्याच्यावर काय काय लिवलंय?" धुरपताबाईंनी विचारलं. दोघांनाही वाचता येत नव्हतं.

मी वाचू लागलो. वर गणपती. मग मुलाचं नाव, रखमाचं नाव, मुहूर्त, गाव. "आणि खाली कोपऱ्यात मुलीकडचे आपले निमंत्रक, श्री. दाजीबा..."

"थांबा!" धुरपताबाई म्हणाल्या. "दाजीबा हाय? कुठं हाय? बोट ठिवून दावा."

मी बोट ठेवून दाखवलं. त्यांनी पदर सावरून जवळून बघितलं, जसं काही तो तिथं बसलेलाच दिसणार होता. "त्येच्या अंगापासून गणपती लांब हाय का?"

"हातभर नाही, पण लांब आहे."

"पोरगी?"

"तीही वर आहे."

"मग दाजीबाला घ्या. बोकड त्येचं, माग त्येनं मोडला. आता त्येच लागू दे कामाला."

"आगं, त्येला कळलं तर मांडव सोडून जाईल!" मसाजी म्हणाले.

"त्येला कोन सांगतंय? तुमी?"

मसाजींनी एकदा तिच्याकडं बघितलं, एकदा फणीकडं. मग पागोटं काढून मांडीवर ठेवलं आणि तोंड वळवून बसले, म्हणजे आपण बघितलंच नाही असं झालं. मिस्त्रींनी कंपास लावला आणि जुन्या ब्लेडनं चकती कापली. दाजीबा पूर्णच्या पूर्ण चकतीत आले, श्री. सकट. वरचा गणपती आणि रखमा मी जपून फडताळात ठेवली.

कटर चढवला. मसाजींचा पहिला तुकडा मी आडपट्टीला टेकवला. एकदम खोल न जाता थोडं थोडं कापलं. बाभूळ ओरडली, पण जळली नाही. मग दुसरा तुकडा.

धुरपताबाईंनी खाचेतून करंगळी फिरवली, टोकापासून टोकापर्यंत. "लोकर अडकायची न्हाई," त्या म्हणाल्या. फणी बसवली. अंगठ्यानं दाबल्यावर ती 'टक्' करून आत गेली. मग त्यांनी पट्टी उलटी धरली आणि कोंबडी झटकावी तशी झटकली. फणी पडली नाही. पुन्हा झटकली. नाही पडली. मसाजींनी तोंड वळवलेलंच होतं, ते तसेच म्हणाले, "बसली का?"

"बसली," त्या म्हणाल्या. "दाजीबा येकदाचा कामाला आला."

लग्नाला आम्ही गेलो. पालमपर्यंत एस.टी.त उभं राहून, पुढं चालत. मिस्त्रींनी दाढी नव्यानं रंगवली होती. मांडवात शिरल्या शिरल्या मला घोंगड्याला लावतात त्या चिंचोक्याच्या खळीचा वास आला. घोंगडं त्याच सकाळी मागावरून उतरलं होतं, अजून पुरतं वाळलंही नव्हतं. काळंभोर, कडा सरळ. नवरदेव त्यावर बसला होता आणि दर थोड्या वेळानं बूड उचलून ओल चाचपत होता. रखमा मात्र हलत नव्हती. तिची एक मूठ घोंगड्याच्या काठावर घट्ट होती. वराच्या आईनं कोपरा उलटून नखानं खरवडून बघितला आणि म्हणाली, "हातचं हाय."

तेवढ्यात भला मोठा फेटा आमच्यासमोर येऊन उभा राहिला. मिशांना पीळ, कपाळाला आठ्या. हे गृहस्थ कोण, ते सांगावं लागलं नाही. मागून एक लंगडं बोकड पण चाललं होतं.

"सेलूचे मशीनवाले तुमीच का? पत्रिका भेटली व्हती?"

"भेटली की."

"माजं नाव वाचलं का त्याच्यात? खाली कोपऱ्यात टाकलंय लेकाच्यांनी. कुनाच्या नजरंला पडत न्हाई. आशा ठिकानी मी जेवत नसतो."

मांडवातले चारदोन जण वळून बघू लागले. चुलीपाशी मसाजींचा हात वाढायच्या वगराळ्यासकट थांबला.

"आमच्या नजरेला पडलं," मी म्हणालो. "ह्या उस्मानभाईंनी तर कंपास लावून बघितलं."

उस्मानभाई खोकले.

"दाजीबा," मी म्हणालो, "खरं सांगू? त्या पत्रिकेत दुसरं कोणतंही नाव चाललं नसतं. तुमच्या नावावाचून हे लग्न अडून बसलं होतं."

ह्यात एक अक्षर खोटं नव्हतं. दाजीबांनी मिशीला पीळ दिला. आठ्या एकेक करून उतरल्या. मग त्यांनी मसाजींच्या हातातलं वगराळं काढून घेतलं आणि शेवटची पंगत उठेपर्यंत स्वतः वाढलं. त्या घरात दाजीबा मांडव सोडून गेले नाहीत असं ते पहिलंच लग्न, असं मला धुरपताबाईंनी सांगितलं, तोंडाला पदर लावून, कारण हसू आवरत नव्हतं.

ती चकती आम्ही काढली नाही. जोडकटर तसाच बरा चालत होता. पुढं सेलूत आणि आसपास जितकी कपाटं, जितक्या खिडक्या आमच्या शेडमधून गेल्या, त्यांतल्या पुष्कळांच्या खाचा दाजीबाच्या जाडीच्या आहेत. कोणाला त्याचा पत्ता नाही. मी अजून एखाद्याच्या घरी गेलो की काचेचं दार उगाच सरकवून बघतो, आणि यजमान घाईनं विचारतात, "काही हवंय का?"

मग सनमायका आलं, तयार दारं आली. सेठनी मशीन विकायला काढलं आणि ते जालन्याच्या एका माणसानं घेतलं, कटरसकट. मला वाईट वाटलं, पण मशीन माझं नव्हतं. गाडीत चढवायच्या आधी मिस्त्रींनी नट सैल केला, जोडकटर उघडला आणि मधली चकती चिमटीत धरून माझ्या तळहातावर ठेवली. तेलानं पिवळी झालेली, कडा काळ्या, पण अक्षर शाबूत.

"मशीन बेचे तो बेचे," ते म्हणाले. "ये रिश्तेदार अपना है. इसको कैकू बेचना?"

मिस्त्री आता हैद्राबादला लेकाकडं असतात. चकती माझ्या फडताळात, चष्म्याच्या डबीत आहे, आणि चष्मा बाहेर कुठंतरी. म्हणून तर चष्मा शोधायला वेळ लागतो. चष्म्यासाठी उठलो की मी आधी दाजीबाला बाहेर काढतो, दोघांना शेजारी धरून पुन्हा चाचपतो, आणि मग वाचतो. ह्या वर्षी बऱ्याच आल्या. एकही त्यांच्या तोडीची नाही.